बाप्तिस्म्यानंतरची बावीस वर्षं

जळगावला गेलो की सराफ बाजारात एक चक्कर होतेच. पैसे मोजले, पावती घेतली, वस्तू आपली! आम्ही ख्रिस्ती लोक श्रद्धाही तशीच धरतो. एकदा बाप्तिस्मा, दर नाताळला नवे कपडे, झालं.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. पण १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. म्हणजे बावीस वर्षांनंतरही ख्रिस्ताकडची त्यांची वाट संपली नव्हती!

मी मात्र धुळ्यात चर्चमधून बाहेर पडतो न पडतो तोच मोबाइलवर सेल बघत असतो. नोकरी सोडायची हिंमत नाही. निदान तो हात रोज मागे घ्यायचा. कधी जमतं, बऱ्याचदा नाही. असो, उद्या रविवार. पुन्हा प्रयत्न.