वाऱ्याची चाल की वेग?
बातम्यांत नुसतं 'वाऱ्याचा वेग ताशी ६० किमी' ऐकलं की माझ्यातला मास्तर जागा होतो. अहो, ही तर चाल, अदिश राशी! दिशा सांगितलीत तर वेग, म्हणजे सदिश. हा शब्दांचा कीस नव्हे. तेवढ्याच चालीचा खारा वारा होडी खडकावर आपटेल, मतलई तिला भर समुद्रात नेईल. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळात 'बसरा स्टार' हे अख्खं जहाज आमच्या मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं! खारा, मतलई या नावांतच दिशा आहे. (नाव येण्याच्या दिशेचं, नैर्ऋत्य वाऱ्याचा बाण मात्र ईशान्येकडे काढायचा हं.) मिरकरवाड्यातला तांडेल आधी 'कुठला वारा?' विचारतो, मग किती. बातमीदारांनो, आकड्याशेजारी तेवढा एक शब्द छापा.