खिडकी आपली, उजेड कोणाचा?

पर्वतीवर एक खिडकी दाखविली जाते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या रणांगणावर मराठी फौजेची पीछेहाट होत असताना दुसरा बाजीराव ती याच खिडकीतून पाहत होता, असे परंपरा सांगते. शनिवारवाड्याच्या सातव्या मजल्यावरील मेघडंबरीतून आळंदीच्या देवळाचा कळस दिसे, ही दुसरी आख्यायिका. ती पडताळून पाहण्याची सोय १८२८ च्या आगीने ठेवली नाही. दृष्टीचा पल्ला हे पुण्यात एके काळी राजवैभवाचे लक्षण होते. आज ती सदनिकेच्या जाहिरातीतील एक ओळ झाली आहे, आणि तिचे मोल मजल्यागणिक चढत्या दराने आकारले जाते.

हे मोल नेमके कशाचे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडल्यावाचून राहत नाही. टेकडी बांधकाम व्यावसायिकाने उभारलेली नसते, ती त्याच्या मालकीचीही नसते. तो जे विकतो ते खरे पाहता एवढेच असते, की शेजाऱ्याने अद्याप काही बांधलेले नाही. दुसऱ्याच्या भूखंडावरील रिकामेपण आपल्या खरेदीखतात कोणी लिहून देत नाही. पैसे मात्र आपण त्याचेच मोजतो.

कायदा या बाबतीत फारसा दिलासा देत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानुसार एखाद्या इमारतीला वीस वर्षे अखंडपणे आणि निर्वेधपणे उजेड व हवा मिळत राहिली, तर त्यावर हक्क सांगता येतो. पण उजेड वेगळा आणि देखावा वेगळा. इंग्लंडमध्ये १६१० सालच्या एका गाजलेल्या निवाड्यात हा भेद स्पष्ट करण्यात आला होता : प्रकाश व हवा ही माणसाची गरज, देखावा हा केवळ आनंद, आणि आनंद हिरावला म्हणून दावा चालत नाही. चार शतके उलटली तरी त्या भेदाची सावली आपल्या घरांवर आहे.

प्रस्तुत लेखकाने चौदा वर्षांपूर्वी कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर घर घेतले, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून वेताळ टेकडीचा एक हिरवा तुकडा दिसत असे. पलीकडे एक बंगला होता. तो गेला आणि त्या जागी अकरा मजले उभे राहिले. आता आमच्याकडे दुपारी बारा वाजता भाजी चिरायला दिवा लावावा लागतो. कायद्याची वीस वर्षे भरायला सहा कमी पडली! पण तक्रार करताना जीभ अडखळते, कारण आमची इमारतही एका बंगल्याच्याच जागेवर उभी आहे, आणि तिने मागच्या चाळीतील कोणाची तरी टेकडी झाकली होती. त्या वेळी तो विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही.

जुन्या पुण्याने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला होता. वाड्याला रस्त्याच्या बाजूने खिडक्या बेताच्याच. उजेड यायचा तो मधल्या चौकातून. आकाशाचा तो चौकोन मालकाच्या उंबऱ्याआत असल्यामुळे शेजाऱ्याने कितीही माड्या चढविल्या तरी तो पुरता बुजत नसे. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. माजघरातला अंधार आणि बाळंतिणीच्या खोलीतला धूर ज्यांनी सोसला, त्या बायकांना कोणी मत विचारले नव्हते. १८९६-९७ च्या प्लेगनंतर कोंदट घरांकडे सरकारचे लक्ष वळले. मुंबईत १८९८ साली सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि पुढे त्या मंडळाच्या ऑर नावाच्या अध्यक्षांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशरेषेचा आग्रह धरला. सोप्या भाषेत सांगायचे तर, भिंत जेवढी उंच त्याच्या निम्मी तरी जागा तिच्यासमोर मोकळी असावी. आजच्या पुण्यात हा हिशेब ज्याने त्याने आपल्या गॅलरीत उभे राहून करून पाहावा.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे वाहून गेले. उरलेल्यांपैकी अनेक पुढच्या दशकांत पाडले गेले. वाड्याच्या जागी इमारत आली तेव्हा चौक गेला, पण त्याच्या मोबदल्यात बाजूची मोकळी जागा मात्र मिळाली नाही. अरुंद भूखंडावर ती मिळणार तरी कोठून? दोन इमारतींमधल्या त्या बोळकांडीत खिडकी उघडते ती शेजारच्या न्हाणीघराच्या नळावर. सदाशिव आणि नारायण पेठांत स्पर्धा-परीक्षांसाठी गावोगावहून आलेली मुले अशाच खोल्यांत राहतात. प्लायवूडची आडोशाची भिंत घालून एका खोलीच्या तीन केलेल्या असतात आणि खिडकी एकाच्याच वाट्याला येते. ज्या मुलाने गावी अंगणात बसून दहावीचा अभ्यास केला, तो येथे दिवसभर नळीच्या दिव्याखाली भूगोलातले ऋतुमान पाठ करतो.

राष्ट्रीय इमारत संहितेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या किती अंशाची खिडकी असावी, हे हवामानानुसार सांगितले आहे : कोरड्या उष्ण प्रदेशात दहावा भाग, दमट उष्ण प्रदेशात सहावा. नकाशात हा भाग भरतोही. परंतु सरकत्या काचांची दोन पट्ट्यांची खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, ही साधी गोष्ट आपण घर घेताना ध्यानात घेत नाही. जुन्या दुहेरी झडपांच्या खिडकीचे तसे नव्हते; वरची जोडी उघडून खालची लावून घेतली की वारा येई आणि आडोसाही राही. पुण्यात हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकतो व क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो, तर जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर चांगला छज्जा असेल, तर थंडीत ऊन आत येते आणि उन्हाळ्यात बाहेर राहते. पश्चिमेच्या मोठ्या काचेतून मात्र सूर्यास्ताबरोबर एप्रिलची भट्टीही घरात येते. विक्री-कार्यालयातील गुळगुळीत चित्रात सूर्यास्त तेवढा असतो.

इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. तो चुकविण्यासाठी लोकांनी आपल्याच खिडक्या विटांनी बुजविल्या. आपल्याकडे खिडक्या करावाचूनच बुजत आहेत, आणि त्यातल्या काही आपणच बुजवितो : सज्जा खोलीत घेतो, जाळीच्या पिंजऱ्यात कुंड्या, जुने डबे आणि मोडकी सायकल रचतो. हा दोष विकासकाच्या माथी मारता येणार नाही.

उंच बांधूच नये, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कारकुनाला आणि शिक्षकाला शहरात घर हवे असेल तर मजले चढणारच. आक्षेप आहे तो अंधारात होणाऱ्या सौद्यावर. आपल्या राज्यात किती बांधता येईल व किती उंच, हे मोठ्या प्रमाणात समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. म्हणजे शेजारच्या रिकाम्या भूखंडाचे भवितव्य आजही बरेचसे वाचता येते. गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचे मंजूर नकाशे मिळतात. मात्र शेजारच्या भूखंडावर उद्या काय उभे राहू शकते, हे त्यातून ग्राहकाला कळत नाही. लगतच्या प्रत्येक भूखंडावरील अनुज्ञेय उंची करारनाम्यात नमूद करणे विकासकाला बंधनकारक केले, तर त्यासाठी एक कागद जास्त लागेल. टेकडीचे पैसे मोजणाऱ्याला ती किती वर्षे दिसणार आहे, याचा निदान अंदाज येईल. तोवर घर पाहायला जाणाऱ्यांनी नमुना-सदनिकेत कमी वेळ काढावा आणि शेजारच्या कुंपणापलीकडे जाऊन समोरचा रस्ता पावलांनी मोजून यावा.