उपग्रहाच्या पोटातले लेखन

अग्निबाण झेपावला की आमच्या वृत्तपत्रांना एकच शब्द सुचतो : शास्त्रज्ञ. उपग्रहावरील इवल्या संगणकासाठी आज्ञावली लिहिणारा अभियंता त्या शब्दात विरून जातो. मराठीच्या अध्यापकांनी यात का पडावे, असे कुणी विचारील. आमचे उत्तर इतकेच, की तेही लेखनच आहे.

उपग्रह ज्या कामासाठी वर जातो ते उपकरण म्हणजे पेलोड. त्याचा संगणक मोजलेले आकडे घेतो, त्यांवर वेळेचा शिक्का मारतो, गठ्ठे बांधून ठेवतो आणि जमिनीवरचे केंद्र टप्प्यात आले की धाडतो. खालच्या कक्षेतला उपग्रह एका खेपेस काही मिनिटेच दिसतो. दुरुस्तीला हात पोहोचत नाही. एखादा भारित कण स्मृतीतून आरपार गेला, तर शून्याचा एक होऊ शकतो. तो शोधून सुधारण्याची तजवीज आधीच लिहून ठेवावी लागते. 'वॉचडॉग' नावाचा एक पहारेकरीही असतो. आज्ञावलीने ठरल्या वेळात 'जागी आहे' असे कळवले नाही, की तो संगणक नव्याने सुरू करतो. (आपला गावचा जागल्या स्वतःच हाळी देई, येथे हाळी घरमालकाने द्यायची!)

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सुमारे एक किलोचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी गेला. मुंबई आयआयटीचा, आयनावरणातील इलेक्ट्रॉन मोजणारा 'प्रथम' त्याच वर्षी २६ सप्टेंबरला. दोन्ही विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे खपून रचले. आरंभ करणारे पदवी घेऊन गेले, मागून आलेल्यांनी त्यांच्या ओळी वाचून, तपासून काम पुढे नेले. १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे शिकवणाऱ्या आम्हांस ही रीत परकी वाटू नये.

चुकीचे मोलही पाहावे. २० सप्टेंबर १९९३ रोजी पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण फसले आणि आयआरएस-१ई हा दूरसंवेदन उपग्रह बंगालच्या उपसागरात गेला. यानाच्या संगणकातील आज्ञावलीची एक चूक त्याला कारण झाली. आकडा ठरल्या मर्यादेबाहेर गेला, तरच ती उघडी पडणार होती. त्यानंतर दहाच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. माकणी त्याच पट्ट्यातली. तो उपग्रह असता तर भूकंप टळला असता, असे मुळीच नव्हे. परंतु भूकंपाविषयी मराठीने लिहिले. त्या चुकलेल्या ओळीविषयी, ती लिहिणाऱ्याच्या आणि तपासणाऱ्याच्या मनःस्थितीविषयी आमच्या वाचनात काही आले नाही.

माकणीच्या निम्न तेरणा धरणाचा जलविस्तार आज उपग्रहचित्रावरून मोजता येतो. त्या काठच्या मुलामुलींना मात्र श्रीहरिकोट्याचा धूर तेवढा माहीत; चित्रामागे बसून कुणीतरी ओळ न् ओळ लिहिते, आणि तो पोटापाण्याचा उद्योग असू शकतो, हे त्यांना सांगणारे मराठी गद्य कोठे आहे? या क्षेत्रातील मराठी अभियंत्यांनी ते लिहावे. गौरवग्रंथ नको, कामाचा वृत्तान्त हवा : कोणती चाचणी कितव्यांदा फसली आणि का. 'वॉचडॉग'ला जागल्या म्हणावे की नाही, तेही त्यांनीच ठरवावे.