काडी ओढायच्या आधी

डोंगराखालच्या माझ्या गावकऱ्यांनो, ऊस तुटून गेला की रानात पाचट पडतं. खोडवा धरायचा असतो, पाण्याची पाळी आलेली असते, मजूर मिळत नाही. मग संध्याकाळी कुणीतरी काडी ओढतं. अर्ध्या तासात रान मोकळं होतं.

त्या काडीपाशी जरा थांबा.

आपल्याकडं वणवा जंगलात आपोआप लागत नाही. तो बहुतेक वेळा खालून, आपल्या बांधावरून चढतो. वाऱ्याची एक झुळूक येते आणि ठिणगी शेजारच्या पडीक रानात जाते. तिथलं कुसळी गवत वाळून कोळ झालेलं असतं. पाटण, जावळी, शिराळा भागात तर कित्येकांच्या बांधालाच वनाची हद्द लागते. संध्याकाळी पेटवलेलं पाचट रात्री डोंगरमाथ्यावर आगीची माळ होऊन दिसतं. अजिंक्यतारा, यवतेश्वर, जरंडा या डोंगरांवर ही माळ साताऱ्याच्या लोकांनी कितीदा तरी पाहिली आहे.

वर काय आहे ते आठवा. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली कास, कोयना आणि चांदोली जागतिक वारशात गेले. पण तुमच्यासाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमच्या विहिरीचं पाणी त्या डोंगरात मुरतं. डोंगर उघडा पडला की पहिल्याच वळवानं राख आणि माती ओढ्यात येते. ओढा गढूळ वाहतो आणि लवकर आटतो.

डोंगर जाळला की गवत जोमानं येतं, असं जुनी माणसं म्हणत. त्यांना दोष देऊ नका, हिरवे कोंब त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पण कुसळीचं एक बी हातात घेऊन बघा. त्याला लांब, पिळलेली शेपटी असते. ओल लागली की ती फिरते आणि बी गिरमिटासारखं मातीत घुसतं. आग वरून निघून जाते, ते खाली शाबूत राहतं. जनावरं आवडीनं खातात त्यातल्या बऱ्याच गवतांचं बी मात्र वरच पडलेलं असतं, ते जळतं. म्हणजे दरसाल डोंगर जाळून आपण कुसळच पेरत आलो. पुढं तेच मेंढराच्या अंगात रुततं.

आता पाचटाचं बघू. एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट निघतं. त्यात नत्र आहे, पालाश आहे, सेंद्रिय कर्ब तर भरपूर आहे. सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या पाडेगावला, १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. खोडव्यात पाचट ठेवा, असा सल्ला तिथून किती वर्षं दिला जातोय. रीत अवघड नाही. आधी बुडखे जमिनीलगत छाटा. पाचट सरीत दाबून बसवा. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत त्यावर टाका. मग पाणी द्या.

दोन महिन्यांनी सरीत हात घालून वरचा थर बाजूला करा. खाली गारवा लागेल. पांढऱ्या बुरशीचे धागे दिसतील, गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या दिसतील. शेजारच्या जाळलेल्या रानात तेव्हा भेगा पडलेल्या असतात. पाचट ठेवलेल्या रानात तण कमी उगवतं आणि पाण्याची पाळीही लांबते.

तोडणी सोपी व्हावी म्हणून उभा फड पेटवायची रीतही काही ठिकाणी पडली आहे. ती मोडा. जळीत उसाचं वजन घटतं, दरात कपात होते. शेजाऱ्याचा ऊस किंवा ठिबकच्या नळ्या जळाल्या तर दोन घरांचं बोलणं बंद होतं, ते पोरांच्या लग्नापर्यंत.

आगीचं हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. आपल्या बिस्किटात, फरसाणात जे पामतेल असतं, त्यातलं बरंच इंडोनेशियातून येतं. २०१५ साली तिथं रान मोकळं करायला लावलेल्या आगी हाताबाहेर गेल्या. सुमारे २६ लाख हेक्टर जळालं आणि धूर शेजारच्या देशांत पोचला. त्याच सुमारास तिथल्या काही भागांत कंपन्या आणि गावं एकत्र बसली. कोरड्या हंगामात आग न लागलेल्या गावाला बक्षीस मिळू लागलं. बक्षीस ठीकच, पण मला त्यातलं एकत्र बसणं महत्त्वाचं वाटतं.

तसं बसणं आपल्याकडंही आहे. कास पठारावर कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या वन समित्या वनखात्याबरोबर काम करतात. फुलं बघायला येणाऱ्या पर्यटकांच्या शुल्कातून गावातल्या पोरांना हंगामात रोजगार मिळतो. फुलांवर आपलं घर चालतं हे कळल्यावर पठार कोण जाळू देईल?

तुमच्या गावात समिती असेल तर ती जागी करा. नसेल तर वनरक्षकाला बोलवा आणि पोलीस पाटील, सरपंच, तोडणीचा मुकादम, गुराखी यांना एकत्र बसवा. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. जाळरेषा त्याच्या आधीच काढा. हद्दीवरचं गवत कापून, झाडून मातीचा पट्टा उघडा करा. कापलेलं गवत वैरणीला न्या. गंजीभोवती आणि गोठ्याभोवतीही असाच पट्टा ठेवा.

डोंगरातल्या ज्या घरांना भाताच्या तरव्यासाठी राब भाजावाच लागतो, त्यांना मी तोडून नको म्हणणार नाही. पण हंगाम तापायच्या आधी भाजा. पहाटे, वारा पडलेला असताना भाजा. चार माणसं आणि पाण्याची पिंपं जवळ ठेवा, वनरक्षकाला आधी सांगा. शेवटचा निखारा विझेपर्यंत हलू नका.

आग लागलीच तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. कोणी लावली ते नंतर बघू. विझवायला एकट्यानं जाऊ नका. आगीच्या वरच्या अंगाला कधीच उभं राहू नका, आग चढणीला माणसापेक्षा जोरात धावते. अंगात सुती कपडे आणि पायात बूट असू द्या. ओल्या टहाळ्यांनी कडेकडेनं झोडपत या. लहान पोरं घरी ठेवा. गोठ्यातल्या जनावरांची दावी आधी सोडा.

राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव कायदाही लागतो. तरी धाकानं वागा असं मी म्हणणार नाही. त्यापेक्षा कडेगावकडं जाल तेव्हा सागरेश्वरचा डोंगर बघून या. तो डोंगर उघडाबोडका होता. स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोकांनी आणि वनखात्यानं झाडं लावून जगवली आणि १९८५ साली तिथं अभयारण्य झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं, भोवती सगळी ऊसशेती. आज तिथं सांबर आणि चितळ आहेत.

या रविवारी देवळात बसा. पाचट कोण ठेवणार, जाळरेषेला कोण येणार, रात्री डोंगराकडं लक्ष कोण ठेवणार, ते नावानिशी ठरवा. वनरक्षकाचा फोन नंबर दूध संस्थेच्या भिंतीवर ठळक लिहा आणि त्याच्या खाली १९२६.