पोरांना परदेशी धाडण्याआधी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. गुडघे आणि नायगावचा उकाडा या दोन्हींबद्दल लिहून तुम्हाला कंटाळा आणत नाही. आज जरा भांडायला बसले आहे.

झालं असं, की मागच्या महिन्यात आमच्या भागात युवकांचा मेळावा होता. मी मागच्या रांगेत, पंख्याखाली. एक वक्ते आले होते. नाव सांगत नाही, माणूस तळमळीचा आहे. ते म्हणाले, "अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाची मुलं बघा. अठराव्या वर्षी घर सोडतात, दोन वर्षं परक्या देशात जाऊन धर्म सांगतात, आणि तेही घरचा पैसा खर्चून. आणि संत गोन्सालो गार्सियाच्या भूमीतली आपली मुलं? मोबाईल चोळत बसतात!" टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईने वाजवल्या नाहीत. तिचा मुलगा अठराचा आहे.

मीही वाजवल्या नाहीत. का, ते सांगते.

आधी त्या मॉर्मन मुलांविषयी, कारण आपल्याकडे फार जणांना माहिती नाही. हा पंथ 1830 साली जोसेफ स्मिथने अमेरिकेत काढला, आता मुख्यालय युटामधल्या सॉल्ट लेक सिटीला. मुलगे दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष सेवेला जातात. मुलग्यांसाठी वयाची अट आधी एकोणीस होती, 2012 मध्ये अठरावर आणली. कुठे जायचं हे मुलाने ठरवायचं नाही, मुख्यालयाचं पत्र येतं. ब्राझील तर ब्राझील, जपान तर जपान. नेहमी दोघांनी मिळून फिरायचं, एकट्याने नाही. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी. 2019 पर्यंत घरी फोन करायचा तो वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. बाकी आठवड्याला एक ईमेल. आता दर आठवड्याला बोलता येतं.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. 2011 मध्ये भाचीकडे ॲरिझोनाला गेले होते, तेव्हा भर दुपारी दोन पोरं दारात उभी. घामाने निथळत होती. मी पाणी दिलं. एकाच्या पट्टीवर "एल्डर" लिहिलेलं. एल्डर म्हणजे वडीलधारा! मला हसू आलं, मिशीसुद्धा धड फुटलेली नव्हती. त्यांनी पाठ केलेलं सगळं सांगितलं, आणि शेवटी विचारलं, "तुमचे काही प्रश्न आहेत का?" मी म्हटलं, "आईशी कधी बोललास?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "मदर्स डेला." भाची म्हणाली, मावशी, तू त्यांनाच रडवशील.

त्या पोरांबद्दल मला रागबिग काही नाही. उलट कौतुक आहे. दार आपटलं गेलं तरी "थँक यू मॅम" म्हणून पुढच्या दाराशी जाणं सोपं नाही. आपल्या किती पोरांना जमेल? त्यातली पुष्कळशी जाण्याआधी नवी भाषाही शिकतात, युटामध्ये त्यासाठी मोठं केंद्रच आहे. हे वक्त्यांनी सांगितलं असतं तर मी पहिली टाळी वाजवली असती. पण त्यांनी फक्त "जातात" एवढंच सांगितलं.

आता गोन्सालो. वक्त्यांचा गोन्सालो आणि माझा गोन्सालो, दोन वेगळी माणसं आहेत असं मला वाटू लागलं आहे.

आपण त्याला ओळखतो तो क्रुसावरचा. 5 फेब्रुवारी 1597, नागासाकीची निशिझाका टेकडी, सव्वीस जण. 1862 साली पोप नववे पायस यांनी त्याला संत घोषित केलं, भारतात जन्मलेला पहिला संत. एवढं पाठ असतं. पण त्याआधीची चाळीस वर्षं? जन्म 1556-57 च्या सुमाराचा, वसईतला. बाप पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या जेझुइटांच्या शाळेत शिकला आणि पंधरा-सोळाचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. म्हणजे वक्त्यांना हवा तसा, अगदी मॉर्मन वयाचा! पण पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढे असं झालं की पोराने जपानी भाषा उचलली. नुसती "या, बसा" इतपत नव्हे. लोकांत मिसळून, त्यांना धर्म शिकवण्याइतकी. त्याच सुमारास तिथले जेझुइट प्रमुख फ्रान्सिस्को काब्राल यांचं मत असं, की युरोपियनाला जपानी येणं कठीण, आणि जपानी लोकांना फार वर चढवूही नये. आमच्या वसईच्या पोराला मात्र ती भाषा आली. वर्षानुवर्षं तो त्यांच्याकडे राबला, संघात घेतील या आशेवर. घेतलं नाही. आणि तो काळ असा, की 1579 मध्ये जपानला आलेले वालिन्यानो, जे एरवी मोठे शहाणे आणि जपानी शिकलीच पाहिजे म्हणून हट्ट धरणारे, तेसुद्धा हिंदुस्थानी रक्ताच्या माणसाला संघात घेऊ नये अशा मताचे होते. माझ्यापुरता अर्थ मी काढला आहे, तुम्ही तुमचा काढा.

मग त्याने काय केलं? तिथेच व्यापार थाटला आणि चांगला चालवला. हे वाक्य मला फार आवडतं. रुसून वसईला परतला नाही, किंवा देवावर चिडूनही बसला नाही. दुकान चालवलं! नंतर मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. धर्मगुरू नव्हे, साधा ब्रदर. 1593 मध्ये फिलिपिन्सच्या गव्हर्नरचे वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले, तेव्हा त्यांना बोलता येणारा माणूस हवा होता. तो गोन्सालो. हिदेयोशीसारख्या सत्ताधीशापुढे उभं राहून दोन्ही बाजूंचं बोलणं त्याने पोचवलं. ज्याला पोरवयात "तू आमच्यातला नाहीस" म्हणून वगळलं, त्याच्या जिभेवर चाळिशीच्या उंबरठ्यावर एक अख्खी वकिलात उभी होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की गोन्सालो दुभाषा होता. आधी दुभाषा, मग हुतात्मा. आणि त्याला त्या वेळी "पाठवलं" नव्हतं, त्याच्यावाचून इतरांचं अडलं होतं. वक्ते म्हणतात पोरांना पाठवा. मी विचारते, काय देऊन पाठवता?

वयाचीही गोष्ट आहेच. त्या सव्वीस जणांत बारा वर्षांचा लुईस इबाराकी होता. चौदा-पंधराचा तोमास कोझाकी होता, बापाबरोबर. मरणाआधी त्याने आईला लिहिलेलं पत्र आजही सांगितलं जातं. क्योटोत डाव्या कानाचे तुकडे कापून, ऐन थंडीत महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेलं. आपण हे प्रवचनात ऐकतो आणि डोळे पुसतो. पण मला त्या मुलांच्या मागे राहिलेल्या आया दिसतात. आणि हेही दिसतं, की 1596 मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, आणि आधी धर्मगुरू येतात मग फौज येते, अशी फुशारकी त्याच्या सुकाणूवाल्याने मारली म्हणतात. हिदेयोशी भडकला तो त्याच्यावर, भोगलं बारा वर्षांच्या पोराने. मोठ्यांच्या राजकारणात धर्म सांगणारी पोरं पुढच्या रांगेत असतात, हे जुनंच आहे.

नव्यातलं सांगू? 2018 च्या नोव्हेंबरात जॉन ॲलन चाऊ नावाचा सव्वीस वर्षांचा अमेरिकन तरुण अंदमानच्या उत्तर सेंटिनेल बेटावर धर्म सांगायला गेला. तिथे जायला बंदी आहे, कारण बाहेरच्या साध्या आजारांनीही ते मूठभर लोक मरू शकतात. त्यांची भाषा बाहेरच्या कुणालाच येत नाही. तो गेला आणि मारला गेला. काही लोक त्याला हुतात्मा म्हणाले. मी काहीच म्हणणार नाही, कुणाचं तरी पोर गेलं. पण त्याला होडीतून तिथवर सोडणारे मच्छीमार होते, त्यांना अटक झाली. ते कुणाच्या प्रार्थनेत आले का? कोळीवाड्याच्या शेजारी जन्म गेला माझा. कुणाच्या तरी पुण्यासाठी होडीवाला तुरुंगात जातो, ही बातमी मी त्या तरुणाच्या बातमीइतकीच मोठी मानते.

(मॉर्मन आपल्याकडेही येऊन गेले आहेत बरं का. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस 1851 मध्ये मुंबईत उतरला, पुण्यातही राहिला. तीन-चार वर्षांत हाताला फारसं काही न लागता परतला. असो.)

आता उलट बाजूचे पाहा. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज माणूस, 1579 ला गोव्यात आला. चाळीस वर्षं तिथेच राहिला आणि तिथेच गेला. 1616 साली त्याचं ख्रिस्तपुराण आलं, दहा हजारांवर ओव्या! हाडाचा इंग्रज, आणि मराठीचं कौतुक आपल्या कवींच्या तोडीचं करतो. गॉर्डन हॉल 1813 ला मुंबईत उतरला तो अमेरिकेहून, मराठी शिकला, नव्या कराराच्या मराठी भाषांतरावर खपला, आणि 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने वारला. त्यांचा धर्म तुम्हाला पटो न पटो, त्यांनी ऐकायला आधी वेळ दिला, मग तोंड उघडलं. दोन वर्षांत हे होत नाही. दोन वर्षांत शिव्या आणि भाजीचे भाव येतात.

आणि याच्या नेमकं विरुद्ध काय होतं तेही गोव्यातच पाहायला मिळतं. 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं, की स्थानिक भाषा सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागा. ख्रिस्तपुराणाला सत्तर वर्षंही झाली नव्हती.

त्या व्हाइसरॉयवर आपण सगळे रागावतो. पण मंडळी, आपल्याला फर्मानसुद्धा लागलं नाही! मी ज्या शाळेत शेवटची वर्षं काढली, तिथे मराठी माध्यमाच्या माझ्या शेवटच्या वर्गात सतरा मुलं होती. शेजारच्या इंग्रजी वर्गात बाकं कमी पडत. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी आजी, आणि नातवंडं तिला "ग्रॅनी" म्हणतात. आजीला पापड लाटताना एखादी ओवी सुचली तर समजून घेणारं कुणी नाही. इंग्रजी शिकू नका असं मी म्हणणार नाही, माझीही नातवंडं इंग्रजी शाळेत आहेत आणि त्यांच्या आईशी मी त्यावर भांडून थकले आहे. पण दारात बसलेल्या आजीशी जो बोलू शकत नाही, त्याला ब्राझीलमधल्या आजीशी बोलायला पाठवायचं? तिथे तो काय सांगणार? पाठ केलेलंच ना?

ज्या मातीत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा माणूस झाला, ज्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं आणि जे 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्या मातीतल्या मेळाव्यात पूर्ण भाषण इंग्रजीत झालं, हेही सांगून टाकते. वर वक्त्यांचं वाक्य मी मराठीत दिलं आहे, ते भाषांतर माझं.

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द ऐकवते, नाहीतर माझे काही वाचक खूश होऊन पुढे पाठवतील. व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो, की वसईचे ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीजांचे उरलेले एजंट, आणि गोन्सालो त्यांचा म्होरक्या. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली, तेव्हापासून पोर्तुगीज इथे नाहीत. आम्ही आहोत. शेतं केली, केळी लावली, विहिरी खणल्या, लग्नात मराठी गाणी म्हटली. ज्या पोराला पोर्तुगीज काळातच "हिंदुस्थानी" म्हणून बाजूला सारलं, त्याला आता "पोर्तुगीज" म्हणून बाजूला सारता? एकदा कुठेतरी बसू द्या त्याला.

माझा कॅनडातला पुतण्या हे वाचून लिहिणारच, "काकी, मग कुणी कुठे जायचंच नाही का?" जा रे बाबा. आपली माणसं गेलीच आहेत की. आखातात गेली, बोटीवर गेली, परदेशी इस्पितळांत रात्रपाळ्या करतात. त्यांच्या छातीवर एल्डरची पट्टी नाही, पण परक्या म्हाताऱ्याचे पाय चेपताना त्यांनी जे सांगितलं असेल ते पाठ केलेलं नव्हतं. त्या मेळाव्यात त्यांचं नाव कुणी घेतलं नाही, ही माझी खरी तक्रार.

संयोजकांना मी पत्र लिहिलं आहे (हाताने, मराठीत). पुढच्या फेब्रुवारीत गोन्सालोच्या सणाला वक्तृत्व स्पर्धेऐवजी अशी स्पर्धा ठेवा, की प्रत्येक मुलाने आजीची एक गोष्ट ऐकून लिहून आणायची, तिच्या बोलीत, आणि मग ती इंग्रजीत करून दाखवायची. परीक्षक म्हणून आज्या बसतील. अजून उत्तर नाही. आलं की कळवीन.

तोवर ज्यांना ख्रिस्तपुराण वाचायचं आहे त्यांनी शनिवारी पाच वाजता माझ्या ओट्यावर यावं. प्रत एकच आहे, चष्मे आपापले आणा. चहा माझा.