माल दगड झाला तर...



वर्धा जिल्ह्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याच्या परिसरात गोलसर दगड विखुरलेले आढळतात. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने ते झिओलाइटचे गोटे होत. लोकांच्या स्मरणात मात्र त्यांची कथा निराळी आहे, आणि ती जुन्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. दोन फिरते व्यापारी टेकडीजवळून जात असता त्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या साऱ्या मालाचे दगड झाले. ते शरण आले, तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल निर्माण करून दिला.

या कथेतील भय व्यापाऱ्याला नवे नाही. घरून निघालेला माल, आणि माणूसही, मुक्कामी सुखरूप पोहोचेल याची शाश्वती नसते. म्हणूनच आपल्या पेढ्यांवर पूर्वी ‘जोखमी हुंडी’ चालत असे. माल पोहोचला तरच ती देय होई. वाटेत माल बुडाला, तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडत. काय झाले असता पैसे मिळतील आणि काय झाले असता मिळणार नाहीत, हे उभय पक्षांना आरंभीच ठाऊक असे.

आज आपण प्रवास विमा घेतो, पण ही स्पष्टता आपल्यापाशी असतेच असे नाही. आमचे एक व्याही कन्येकडे परदेशी गेले. अर्जात आजारांच्या रकान्यापुढे त्यांनी ‘नाही’ असे लिहिले. रक्तदाबाची गोळी ते अनेक वर्षे घेत होते, पण गोळीने ताबा राहतो म्हणजे आजार नाही, अशी त्यांची समजूत. तिकडे हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयाच्या कागदांत जुन्या रक्तदाबाची नोंद निघाली आणि दावा नाकारला गेला. व्याही बरे होऊन परतले. कर्ज मात्र जावयाच्या डोक्यावर राहिले.

परदेश प्रवासाच्या विम्यातील हेच सर्वांत नाजूक कलम. पूर्वीपासूनचा आजार अनेक पॉलिसींत वगळलेला असतो, किंवा केवळ जीवघेण्या प्रसंगापुरताच समाविष्ट असतो. म्हणून आजार लपवू नये. थोडा अधिक हप्ता पत्करावा. उपचाराच्या खर्चातील पहिली ठरावीक रक्कम बहुधा प्रवाशालाच भरावी लागते, तीही पाहून ठेवावी. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण आवश्यक असते. परंतु ती व्हिसाची अट आहे. तेवढे आपल्याला पुरेल असा तिचा अर्थ नव्हे. मन बदलले, व्यवहार फिसकटला किंवा व्हिसा नाकारला, म्हणून रद्द केलेल्या सहलीचे पैसे सामान्यतः मिळत नाहीत. ज्या कारणांची यादी पॉलिसीत आहे, तेवढीच कारणे ग्राह्य धरतात.

रेल्वेचे ई-तिकीट काढताना पन्नास पैशांहूनही कमी हप्त्यात विमा मिळतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी साडेसात लाख आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत अशी त्याची तरतूद आहे. मात्र खिडकीवरच्या तिकिटाला किंवा प्रतीक्षायादीतील प्रवाशाला तो लागू नाही. गाडी चुकली वा पेटी हरवली, तर त्यातून काही मिळत नाही. तिकिटानंतर येणारा ई-मेल उघडून वारसाचे नाव अवश्य भरावे. अनेकांचे हेच राहून जाते.

स्वतःच्या मोटारीने यात्रेला निघताना पॉलिसी ‘थर्ड पार्टी’ आहे की सर्वसमावेशक, हे पाहावे. केवळ थर्ड पार्टी विम्यात खाजगी मोटारीत बसलेल्या आपल्याच आप्तेष्टांना सामान्यतः संरक्षण नसते. ओळखीच्याची खाजगी गाडी भाडे देऊन नेली, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, कारण तो वापराच्या अटीचा भंग ठरतो.

व्यापाऱ्याने आणखी एक भेद ध्यानी ठेवावा. प्रवास विमा हा प्रवाशाचा असतो, व्यापाराचा नव्हे. बॅगेतील रोकड, दागिने आणि विक्रीचे नमुने त्यात बहुधा वगळलेले असतात. मालासाठी मालवाहतुकीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. ट्रकने जाणाऱ्या मालाच्या विम्यालाही ‘मरीन’च म्हणतात, म्हणून नाव ऐकून गोंधळू नये. सराफांसाठी ‘ज्वेलर्स ब्लॉक’ ही निराळी पॉलिसी असते.

प्रसंग ओढवलाच, तर विमा कंपनीला तत्काळ कळवावे. चोरी झाल्यास पोलिसांत तक्रार नोंदवावी, विमानातील सामान गहाळ झाल्यास विमानतळ सोडण्यापूर्वीच लेखी नोंद घ्यावी, आणि प्रत्येक बिल जपावे. दावा अन्यायाने नाकारला असे वाटल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांचा विचार होतो.

खरेदीखतावर सही करण्यापूर्वी आपण प्रत्येक ओळ वाचतो. विम्याच्या कागदातील ‘काय मिळणार नाही’ हे पानही तितक्याच सावधपणे, निघण्याच्या आधी, घरातल्या सर्वांनी मिळून वाचावे. गिरडच्या व्यापाऱ्यांना वाळलेल्या पानांतून माल परत मिळाला. आपल्याला जे मिळेल, ते कागदावर लिहिलेले असेल तेवढेच.