बारसं झालं, खोलीचं काय?

राणीच्या बागेत पिल्लू जन्माला आलं की आपल्याकडे अगदी घरात पाळणा हलल्यासारखा आनंद होतो. पेपरात फोटो येतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर 'किती गोड!' सुरू होतं, आणि मग बारसं. १४ नोव्हेंबर २०२१ ला, म्हणजे नेमकी बालदिनी, शक्ती आणि करिश्मा या वाघांच्या जोडीला मुलगी झाली. जानेवारी २०२२ मध्ये तिचं नाव 'वीरा' असं जाहीर झालं, आणि पेंग्विनच्या एका पिल्लाचं 'ऑस्कर'. लगेच वाद पेटला. मुंबईत जन्मलेल्या पाखराला इंग्रजी नाव कशाला? बरेच दिवस त्यावर खल झाला. पण ही पिल्लं मोठी झाल्यावर राहणार कुठे, यावरून कोणी भांडल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

माझं म्हणणं एवढंच, की नावाच्या आधी खोलीचं विचारा.

आता तुम्ही म्हणाल, नायगावात राहणाऱ्याला भायखळ्याच्या वाघाची एवढी काळजी का बुवा? तर मंडळी, जागेचा हिशेब आम्हा नायगावकरांना कोणी शिकवायला नको. इथले मूळचे गावकरी सोडले, तर बाकी निम्म्या घरांची गोष्ट एकच. परळ-लालबागची नाहीतर गिरगावची दहा बाय बाराची खोली, धाकट्याचं लग्न ठरलं, पोरं मोठी झाली, पुरेना. मग खाडी ओलांडून इकडे. माणूस निदान कर्ज काढून घर तरी शोधतो. वाघाला ती सोय नाही. त्याच्यासाठी आपणच शोधायला हवं, आणि ते पिल्लू व्हायच्या आधी.

आपली एक ठाम समजूत असते, की पिल्लं झाली म्हणजे जनावर सुखात आहे. वाघाच्या बाबतीत तरी हे खरं नाही. नीट खायला मिळालं, नर-मादी एकत्र ठेवले, की वाघांना बंदिवासातही सहज पिल्लं होतात. शक्ती आणि करिश्मा फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबईला आले ते तेव्हाच्या औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) सिद्धार्थ उद्यानातून. त्या उद्यानातलं प्राणिसंग्रहालय शहराच्या मधोमध, जागा अपुरी. त्यावरून त्याच्या मान्यतेचा प्रश्न २०१८ मध्ये चांगलाच ऐरणीवर आला होता. आणि त्याच ठिकाणी डिसेंबर २०२० मध्ये समृद्धी नावाच्या वाघिणीला एकदम पाच बछडे झाले! पाचही गोजिरवाणे असणार यात शंका नाही. पण त्यावरून जागा पुरेशी होती असं म्हणता येईल का?

उलट पेंग्विनचं बघा. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्यातला एक त्याच वर्षी ऑक्टोबरात दगावला. उरलेल्यांसाठी थंडगार काचेचं दालन तयार झालं आणि मार्च २०१७ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. १५ ऑगस्ट २०१८ ला पहिलं पिल्लू जन्मलं. स्वातंत्र्यदिनाचं म्हणून 'फ्रीडम बेबी'. केवढं कौतुक झालं त्याचं! आठवड्याभरात ते गेलं. जन्मतःच त्याच्यात दोष होते, त्यात बागेला दोष द्यायचं काही कारण नाही. पण जन्म ही बातमीची सुरुवात असते, शेवट नव्हे, हे तेव्हा कळायला हरकत नव्हती. पुढे पेंग्विनांचा वंश वाढला, सातांचे पंधराच्या वर गेले. छानच आहे. मात्र ते दालन मुळात किती पाखरांच्या हिशेबाने बांधलं होतं, हा आकडाही आपल्याला तितकाच पाठ असायला हवा.

बागेत चांगलं काही झालंच नाही असं अजिबात नाही. १८६२ साली सुरू झालेली ही बाग. आमच्या पिढीने पाहिली ती गजांच्या पिंजऱ्यांची. भिंतीपासून गजापर्यंत आणि गजापासून भिंतीपर्यंत दिवसभर येरझारा घालणारी जनावरं आठवतात ना? २०२० मध्ये नवी दालनं उघडली. आता आपण चालत आत जातो आणि पक्षी डोक्यावरून उडतात. वाघाला पाणी, झाडोरा, आडोसा आहे आणि मध्ये जाड काच. तो कधी कधी दिसतच नाही आणि पोरं हिरमुसतात. हिरमुसू देत! लपायला जागा आहे म्हणून तर तो दिसत नाही. माझ्या मते कुठल्याही बारशापेक्षा ही मोठी बातमी होती. पण दालनाचा फोटो 'गोड' दिसत नाही, त्याला काय करणार?

पिल्लांचं पुढे काय, याला उत्तरं आहेत, आणि ती नियमांतच आहेत. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या २००९ च्या नियमांत सरळ म्हटलंय, की भराभर वाढणाऱ्या प्राण्यांची संख्या आटोक्यात ठेवा. नर-मादी वेगळे ठेवा, नाहीतर नसबंदीसारखे उपाय करा. काही जातींच्या तर वंशावळीच्या नोंदवह्या असतात, म्हणजे भावाबहिणींची जोडी लागू नये. दुसरा मार्ग अदलाबदलीचा. आमच्यापासून चौथ्या स्टेशनावर, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, २०२२ मध्ये गुजरातमधून सिंहांची जोडी आली आणि बदल्यात वाघांची जोडी तिकडे गेली. जानेवारी २०२५ मध्ये त्या सिंहिणीला, मानसीला, छावा झाला. सिंहांचा वंश तिथे संपत आला होता, म्हणून मुद्दाम आणलेली ती जोडी. असा जन्म ठरवून झालेला असतो, त्याचे पेढे मीही आनंदाने खाईन.

'जागा कमी असेल तर सोडा की जंगलात' असं आमच्या भाचेमंडळींचं उत्तर असतं. बाळांनो, ते इतकं सोपं नाही. माणसाच्या हातचं मांस खाऊन वाढलेल्या वाघाला शिकार येत नाही आणि माणसाची भीती वाटत नाही. तो एकदा इथे जन्मला, की पंधरा-वीस वर्षं आपल्या गळ्यात. शिवाय जागा दुसऱ्यांसाठीही राखावी लागते. २०२४ मध्ये वसई किल्ल्यात बिबट्या शिरला होता तेव्हाचे ते पंचवीस दिवस आपण कोणी विसरलेलो नाही. तो धडधाकट होता. पण जखमी, आंधळे, आईवेगळे झालेले बिबटे असतातच, आणि त्यांना कायमचा आसरा लागतो. पिंजरे हौसेच्या पिल्लांनी भरले, तर या अडल्यानडल्यांना कुठे ठेवणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक दालनाबाहेर प्राण्याचं नाव, देश, आहार लिहिलेला असतोच. त्याखाली आणखी तीन ओळी लिहा : हे दालन किती प्राण्यांसाठी बांधलंय, आज आत किती आहेत, आणि इथे जन्मलेली पिल्लं मोठी झाल्यावर कुठे जाणार आहेत. २०१७ मध्ये बागेचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं, ते आपण कुरकुरत का होईना भरलं. एवढं विचारायचा हक्क त्यात नक्की येतो.

त्यामुळे पुढची बातमी आली की फोटो जरूर पाठवा, मीही 'गोड' म्हणेन. पण मे महिन्याच्या सुट्टीत पोरांना घेऊन, दादरला गाडी बदलून भायखळ्याला गेलात, तर काचेपाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला तेवढं विचारा, "दादा, हे मोठं झाल्यावर राहणार कुठे?" काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा.